डोळखांब–चोंढे–भातसा: एका सायकलफेरीविषयी घरच्यांसाठी टिपण

आइंडहोवन, नेदरलँड्स



डोळखांबहून साकुर्लीमार्गे चोंढ्यापर्यंत जाणे, परत फिरणे आणि दुपारनंतर शेणव्याकडून भातसेचे पाणी पाहून घरी येणे, ही नियोजित सायकलफेरी एका दिवसाची आहे. डिसेंबरच्या सुटीत येणारे परदेशस्थ कुटुंब ती करणार असून तिच्यात दोन मोठी माणसे, दोन मुले आणि चार सायकली आहेत. मागील पत्रात हवापाणी फार व मजकूर कमी, असा शेरा घरून आल्यामुळे प्रस्तुत पत्रात विषय क्रमाने मांडला आहे.

डोळखांबात सायकल कारणावाचून कोणी चालवत नाही. मोठा बाप्या सायकलवर दिसला की गाडी बंद पडली, गाडी विकली किंवा डॉक्टरांनी सांगितले, यांपैकी एक कारण लोक गृहीत धरतात. एरवी रस्त्यात सायकल दिसते ती शाळेच्या मुलींची, आणि त्या दप्तरासकट पुढे निघून जातात. नेदरलँड्समध्ये मात्र माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि मार्क रुट पंतप्रधान असतानासुद्धा सायकलवरून कचेरीत जात. हा दाखला नाक्यावर देऊन पाहण्यास हरकत नाही. ‘मग त्यांची सरकारी गाडी कोण वापरायचा?’ असा प्रश्न लगेच येईल. त्याचे उत्तर कुटुंबाकडे नाही.

कुटुंबाचा सराव दांडगा आहे, पण तो सपाटीवरचा. नेदरलँड्सचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि युरोपातल्या भूमीवरचा त्यांचा सर्वांत उंच डोंगर ३२२ मीटरचा. त्याला ते गंभीरपणे पर्वत म्हणतात आणि माथ्यावर जाऊन फोटो काढतात. आसनगावचा माहुली ८५० मीटरच्या वर जातो, हे डच शेजाऱ्यांना सांगितल्यावर ‘मग तिथे सायकलने कसे जाता?’ असे त्यांनी विचारले. जात नाही, हे उत्तर त्यांना पटले नाही.

सपाटीच्या सरावाचा एक धोका घरच्यांनी जाणून ठेवावा. तिथल्या पुष्कळ सायकलींना, विशेषतः मुलांच्या, हाताचा ब्रेक नसतो. पायडल उलटे मारले की मागचे चाक थांबते. धाकट्याची सायकल तशीच आहे. आपल्याकडच्या सायकलीवर पायडल उलटे मारले तर साखळी किरकिरते आणि सायकल आहे त्याच वेगाने पुढे जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी धाकट्याला शाळेच्या पटांगणात फिरवून ब्रेक मुठीत असतो हे शिकवावे, आणि तोवर त्याला उताराकडे नेऊ नये. मोठीला गियरचे सगळे कळते, निदान तसे ती सांगते. चारही सायकली कल्याणहून भाड्याने टेम्पोत घालून आणायच्या आहेत. बाबांची जुनी काळी सायकल माळ्यावरून काढू नये, ही सौ.ची विशेष विनंती.

डिसेंबर हा या फेरीचा योग्य काळ होय. पावसाळ्यात हा भाग सर्वांत देखणा असतो, पण तेव्हा रस्ता कुठला आणि ओहोळ कुठला हे पायाला कळते, चाकाला कळत नाही. मे महिन्यात करवंदे व जांभळे मिळतात, मात्र ती खायला घशात ओल उरत नाही. डिसेंबरात भात झोडून झालेले असते, पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात आणि खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल, हरभरा वर आलेला असतो. सकाळी धुके असते. ऊन अकरापर्यंत सोसते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा त्याआधी घरी पोचणे हा फेरीचा मुख्य नियम.

पहिला टप्पा पूर्वेकडचा. डोळखांब सोडल्यावर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि ती चोंढ्यापर्यंत समोरून हलत नाही. मदन, अलंग, कुलंग हे गड त्या बाजूला दिसतात. त्यांतला कुठला कुठला यावर कुटुंबात दर खेपेला वाद होतो आणि तो वाटेत भेटलेल्या गुराख्याने सोडवावा लागतो. नेदरलँड्समध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला नंबर असतो; नंबरांची यादी हँडलला चिकटवली की कोणाशी न बोलता दिवस काढता येतो. इथे वाट विचारावी लागते. विचारल्यावर आधी आपण कोणाचे हे सांगावे लागते, मग चहा होतो, आणि वाट शेवटी सांगितली जाते. वेळापत्रकात यासाठी एक तास वेगळा धरला आहे. तो कमी पडेल.

चोंढ्याला या फेरीतले पहिले मोठे पाणी लागते: घाटघर जलविद्युत प्रकल्पाचा खालचा जलाशय. हा प्रकल्प २५० मेगावॉटचा असून २००८ पासून चालू आहे. त्याची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत आणि देशात या पद्धतीने मोठे काम आधी इथेच झाले. वरचा जलाशय घाटमाथ्यावर प्रवरेच्या उगमाकडे आहे. संध्याकाळी मुंबई-पुण्याकडे दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात, तेव्हा वरचे पाणी सुमारे ४०० मीटर खाली सोडून भूमिगत वीजघरात वीज काढतात. रात्री विजेला गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा तीच यंत्रे उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवतात. चढवायला लागते ती वीज मिळालेल्या विजेपेक्षा जास्त असते. तरीही व्यवहार परवडतो, कारण संध्याकाळच्या विजेची निकड वेगळी. आईच्या भिशीचा हिशोबही साधारण याच तत्त्वावर चालतो आणि तोही बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही.

मुलांना हा प्रकल्प दाखवण्यामागे कारण आहे. त्यांच्या शाळेत शिकवतात की डच लोक शेकडो वर्षे पाणी उपसून समुद्रात टाकत आले, आधी पवनचक्क्यांनी आणि आता पंपांनी. १९३२ साली तर त्यांनी ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्राच्या आखाताचे गोड्या पाण्याचे तळे केले. शहापूर तालुक्यात पाणी डोंगरावर चढवतात आणि ते रोज खाली येते, हे धाकट्याने वर्गात सांगितले तेव्हा बाईंनी त्याला नकाशा आणायला सांगितला. तरी फोटो सोबत न्यायचा आहे. प्रकल्पाच्या हद्दीत जिथे मनाई असेल तिथे मोबाईल खिशात ठेवावा आणि पहारेकऱ्याशी इंग्रजीत बोलू नये.

परतीच्या वाटेवर डेहण्याच्या बाजूला आजोबा डोंगर दिसतो. तिथे वाल्मीकींचा आश्रम होता व लव-कुश तिथेच वाढले, अशी परिसराची श्रद्धा आहे. वर चढण्याचा बेत या फेरीत नाही. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून नोंदवायचे ते असे की या टापूत आजोबा तीन आहेत. एक हा डोंगर. दुसरा बिबट्या: २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क नर, ज्याला विद्या अत्रेय यांच्या गटाने गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटाच्या पायथ्याशी सोडले. तो रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. तिसरे आजोबा घरी असतात आणि त्यांना न विचारता कोणी सूर्यास्तानंतर बाहेर पडत नाही. बिबटे या भागात अजून आहेत, तेव्हा हा नियम बरोबरच आहे.

जेवण डबा बांधून न्यावे: तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, ठेचा. सुकट देऊ नये. सायकलच्या पिशवीला वास धरतो आणि ती पिशवी परत विमानात चढवायची आहे. पाण्याच्या बाटल्या मात्र घरूनच भरून न्याव्यात, आणि हे या फेरीतले सर्वांत विचित्र कलम आहे. दुपारनंतरच्या टप्प्यात शेणव्यावरून भातसेकडे वळायचे. भातसेचे धरण सुमारे ८८ मीटर उंच. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत जेवढा साठा होतो, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसेत. हे पाणी नदीतून खाली पिसे येथे जाते, तिथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग मुंबईच्या नळाला येते. तानसा १८९२ पासून मुंबईचा आहे, मोडकसागरही मुंबईचाच, मध्य वैतरणा २०१४ पासून. याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो आणि बायका ड्रम घेऊन उभ्या राहतात. काठावरून पाहताना दृश्य अतिशय सुंदर आहे. परदेशस्थ कुटुंब त्याचे बरेच फोटो काढणार आहे. तेव्हा घरच्या मंडळींनी डोळे मोठे करू नयेत, आणि आत्याने टँकरचा विषय पाहुण्यांसमोर काढला तर तिला थांबवूही नये.

भातसेनंतर शहापूरकडे जाणारा रस्ता टाळावा. तिकडे वाहतूक फार, शिवाय वाटेत वळण चुकून कोणी समृद्धी महामार्गाच्या फाट्यावर गेले तर तिथून सायकल परत पाठवतात. तिथे मोटरसायकलीलाही मज्जाव आहे.

दुरुस्तीचे सामान एका डब्यात भरले आहे. पंक्चरचे ठिगळ, सोल्युशन, काचकागद इकडून येईल. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायला घमेले लागेल. ते वाटेवरच्या कुठल्याही घरी मिळते आणि सोबत सल्लाही मिळतो. एक आश्चर्याची गोष्ट अशी की डच सायकलींना आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलींना एकाच जातीचा व्हॉल्व्ह असतो. आतली ती बोटाच्या पेराएवढी रबरी वालट्यूब उन्हाने चिकटते व हवा धरत नाही. सौ.ची विनंती बाजूला ठेवून बाबांच्या सायकलीचा इतकाच उपयोग करावा. नाक्यावरच्या दुकानात वालट्यूब मिळाली तर हातभर घेऊन ठेवावी. कल्याणच्या सायकलींना ती बसली नाही तर काळ्या सायकलीला घालावी, कारण पाचवा माणूस म्हणून चोंढ्यापर्यंत यायचा बाबांचा विचार आहे हे आईने फोनवर सांगितले आहे. तेव्हा भाकऱ्या त्या हिशोबाने कराव्यात.