मरळीची मुदत

आषाढ सरत आला की सोलापुरात दोन गृहस्थ भेटल्यावर परस्परांच्या प्रकृतीची चौकशी करीत नाहीत; "उजनी किती?" एवढेच विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या शेतात ऊस उभा आहे की न्हाणीघरात नुसतेच पिंप उभे आहे, यावर त्या प्रश्नातील काकुळतीची मात्रा अवलंबून असते. माझ्यापाशी उसाचे एक कांडेही नाही, आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहण्यात उभा जन्म गेल्यामुळे पिंपाविषयीही मी आता निर्विकार झालो आहे. असे असूनही सकाळचे वर्तमानपत्र हाती पडताच राजकारण, निधनवार्ता आणि सोन्याचा भाव ओलांडून मी थेट त्या आकड्यापाशी जाऊन थांबतो, हे पाहून शेजारी मला जलनियोजनाचा गाढा अभ्यासक समजतात. महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या वाट्याला फुकटचा लौकिक क्वचितच येत असल्याने मी त्यांचा समज आहे तसा राहू दिला आहे. वस्तुतः मला धरणाशी काही कर्तव्य नसून शरद ऋतूत गळ टाकावयाचा असतो, आणि त्या सुखाची पहिली वर्दी मला त्या आकड्यातून मिळते.

या उजनीचा हिशेब ज्याने प्रथम मांडला तो कारकून, मग तो कोणीही असो, मला गुरुस्थानी आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावते. त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा म्हणून दप्तरात निराळे काढलेले, आणि टक्केवारीचे शून्य त्या ६३ च्या माथ्यावर मांडलेले. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे अर्ध्याहून अधिक भरलेले धरण; आणि उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासाच्याही खाली घसरला, तरी ज्याच्या खात्यावर उणे पन्नास त्याच्याच दारात होड्या चालल्या आहेत आणि चिलापीच्या पाट्या बाजारास निघाल्या आहेत, असा देखावा पाहावयास मिळतो. शिवाय हे पाणी सोलापूरच्या आभाळातून पडतच नाही. पाऊस पडावयाचा तो सह्याद्रीच्या माथ्यावर, भरावयाची ती पुण्याकडची धरणे, आणि आम्ही मात्र येथे छत्री न उघडता, दौंडजवळ नदीचा विसर्ग किती हजार क्युसेक झाला एवढे वाचून एकमेकांस शुभवर्तमान द्यावयाचे. दुसऱ्याच्या पावसावर सुख मानण्याचे शिक्षण ज्या शहरास पिढ्यान्‌पिढ्या मिळाले, तेथील एखाद्या इसमाने पाण्यात दोरा सोडून प्रहर प्रहर स्वस्थ बसावे, यात नवल ते काय?

तथापि उजनी हे केवळ माझे पंचांग. माझे क्षेत्र म्हणजे तुळजापूरच्या रस्त्यावरील हिप्परग्याचा तलाव, ज्यास दप्तरी एकरुख तलाव म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अमदानीत आदिला नदी अडवून तो बांधण्यात आला, आणि तो भरतो मात्र आमच्या घरच्या पावसाने. आमचा पाऊस मृगावर येऊन हजेरीपटावर सही करतो, लगेच दीर्घ मुदतीच्या रजेवर जातो, आणि खऱ्या अर्थाने कामावर रुजू होतो तो उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत, म्हणजे इतरत्र त्याच्या निरोपसमारंभाची तयारी चालू असताना. पहिले काही दिवस पाणी असे गढूळ असते की माशाला स्वतःचे शेपूट दिसत नसावे, मग माझे आमिष कोठून दिसणार? पुढे गाळ तळाशी बसतो, काठचे गवत पाण्याखाली गेल्याने त्यातील किडे, बेडूक आणि टोळ यांची आयतीच पंगत मांडली जाते, आणि पावसाळ्यातील प्रजोत्पादनाची जबाबदारी पार पाडून मोकळे झालेले मासे भुकेने हिंडू लागतात. पावसाळा सरताना अगस्तीचा तारा उगवला की जलाशय निवळतात, असे आपल्या पूर्वजांचे मत. कालिदासानेही 'रघुवंशा'तील शरद्वर्णनात त्याची नोंद घेतलेली आहे. ज्या ऋषीने एकदा अवघा समुद्र पिऊन टाकला त्याच्याचकडे पाणी निवळण्याचे खाते सोपवावे, ही देवांची कारभारदृष्टी थोर खरी. पण अवर्षणप्रवण जिल्ह्यातील रहिवाशास तो तारा पाहून आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटते.

अमेरिकेत बास नावाचा एक मासा आहे. हिवाळा तोंडावर आला की तो शरदात अधाशासारखा खात सुटतो, आणि तेथील गळ टाकणारी मंडळी वर्षभर त्या आठवड्यांकडे डोळे लावून बसलेली असतात. १९३२ साली जॉर्जिया राज्यात एका शेतकऱ्याने बावीस पौंड चार औंसांचा बास ओढून काढला; २००९ साली जपानात त्या वजनाची बरोबरी झाली, परंतु आजही तो आकडा विक्रमांच्या माथ्यावर कायम आहे. मला त्या विक्रमापेक्षा पुढील वृत्तान्त अधिक हृद्य वाटतो: तो जगद्विख्यात मासा त्या शेतकऱ्याच्या घरच्या मंडळींनी शिजवून खाल्ला. ज्या घरात विक्रमाचा असा निःशंक उपभोग घेतला जातो त्या घराविषयी माझ्या मनात जी असूया आहे, तिचे कारण यथावकाश स्पष्ट होईल.

आमच्याकडे बास नाही. परंतु स्वभावसाम्य पाहता त्याच्या गादीवर मरळीस बसविण्यास हरकत नसावी. सर्पासारखे चपटे मस्तक, काळसर पाठ, पोटाशी फिकट पट्टे, आणि दबा धरून बसण्याचा तोच दीर्घोद्योग. पाणवनस्पतींच्या आड ती इतकी निश्चल पडून राहते की तिच्या अस्तित्वाविषयी शंका यावी. मध्येच हवा घेण्यासाठी वर येते, पृष्ठभागावर एक बुडबुडा फुटतो, आणि काठावरच्या माणसाचे हृदय घशाशी येते. पिले झाली की ती तांबूस पिले एकत्र घोळक्याने फिरतात आणि मायबाप खालून पहारा करतात. अशा कुटुंबवत्सल अवस्थेतील मरळीवर गळ टाकू नये, हा आमच्यातील अलिखित दंडक आहे. हैदराबादेस मृगाच्या दिवशी दम्याच्या रुग्णास औषध भरलेले मरळीचे जिवंत पिलू गिळावयास देतात, आणि सोलापुराहूनही श्रद्धाळू मंडळी त्यासाठी रेल्वे पकडतात. त्या विधीकडे मी आदराने पाहतो. एवढेच म्हणतो की जी मरळ अनोळखी मनुष्याच्या पोटात मुकाट्याने उतरते, तिने माझ्या गळाविषयी इतका संशय का बाळगावा?

तयारीस मी पितृपंधरवड्यातच हात घालतो. शहराच्या पूर्वभागातील माझे एक पद्मशाली स्नेही आहेत. त्यांचे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेले असल्याने तलावाकाठची शांतता त्यांना औषधासारखी लागू पडते. तंगूस गळास बांधण्याचे काम मी त्यांच्याकडे दिले आहे. डोळ्यांवर चष्मा नसताना, दोरा दोन बोटांत धरून, तो स्वतःभोवती फिरवून, टोक ओठांनी ओले करून ते असा एक झटका देतात की गाठ दिसेनाशी होते; ताणा तुटला की माग न थांबवता जोडण्याची ती विद्या आहे. माझी गाठ पाहून ते म्हणाले, "साहेब, ही गाठ बघून मासा पळणार न्हाई, हसत बसंल." आमिषाच्या बाबतीत मात्र ते माझे शिष्यत्व पत्करतात. रोहू आणि कटला यांच्यासाठी शेंगापेंड कणकेत मळून केलेला गोळा, चिलापीसाठी गांडूळ, आणि मरळीसाठी वास्तविक जिवंत बेडूक. पण बेडकास गळास लावण्याइतके माझे मन कठोर नसल्याने मी रबरी बेडूक आणला आहे. पाठीवर हिरवे ठिपके, मागे झिरमिळ्यांचे पाय आणि पोटाशी लपविलेले दोन गळ. गळ काढून ठेवलेल्या स्थितीत तो नातवाने देवघरातील तांब्यात पोहावयास सोडला, आणि एकादशीच्या पहाटे पूजेचे पाणी घेताना आमच्या सौभाग्यवतींस त्याचे दर्शन घडले. त्या दिवसापासून त्याचा मुक्काम माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदांच्या पेटीत आहे, जेथे कोणीही हौसेने हात घालीत नाही.

घरात हा छंद पोरकट ठरविला जाऊ लागला तेव्हा मला पुराव्याच्या शोधार्थ थेट बाराव्या शतकात जावे लागले. ज्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे खोदविले, त्याच शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा विश्वकोशतुल्य संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यात राजाच्या करमणुकींत मत्स्यविनोदाचे एक सबंध प्रकरण घातले: समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास काय चारावे, गळाची दोरी कशी असावी. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. म्हणजे या मुलखावर ज्यांची सत्ता होती त्या घराण्याने हा उद्योग राजमान्य केलेला आहे, ही बाब मी साधार व सविनय सौभाग्यवतींच्या नजरेस आणली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "अहो, त्या राजाच्या घरी मासा साफ कोण करीत होतं?" ग्रंथात याचा खुलासा मला सापडला नाही.

परंतु खरी अडचण मासा साफ करण्याची नाही. ती पंचांगाची आहे. आमच्या घरी मासे निषिद्ध नाहीत, फक्त ज्या दिवसांत ते गळास लागतात त्या दिवसांत ते चालत नाहीत. श्रावण संपूर्ण वर्ज्य. भाद्रपदात गणपती आणि गौरी, मग पितरांचा पंधरवडा, मग नवरात्र. ज्यांना चातुर्मास कडक पाळावयाचा त्यांची बंदी तर आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, आणि पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने विठ्ठलाची नजर चुकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उरलेल्या दिवसांतून सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. निसर्गाने शरद निर्माण केला तेव्हा त्याने आमच्या स्वयंपाकघराचा अभिप्राय मागविला नसावा.

त्यातच कोजागिरी. त्या पौर्णिमेस सोलापूर शहरातून माणसांचा लोंढा अनवाणी तुळजापूरच्या वाटेस लागतो, आणि ती वाट नेमकी माझ्या तलावावरून जाते. गतवर्षी भाविकांना केळी वाटण्याच्या मंडपात सेवा करण्यासाठी माझी रवानगी झाली होती. केळी दुपारीच संपली, पाणी आरशासारखे निवळले होते, आणि गळाची काठी योगायोगाने केळ्यांच्या रिकाम्या टोपलीत निघाली. मी काठावर बसून पाच मिनिटे झाली नसतील तोच "आई राजा उदो उदो"च्या गजरातून एक म्हातारी बाई फुटून माझ्यापाशी आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आईच्या वाटंवर बसून जीव घेतूस व्हय?" मी काठी खाली ठेवली. ती चार पावले पुढे गेल्यावर तिच्यामागचे म्हातारबुवा माझ्याजवळ रेंगाळले, धोतराचा सोगा सारखा करीत पाण्याकडे पाहू लागले, आणि आवाज अगदी उतरवून त्यांनी विचारले, "मरळ हाय का हितं?" मी होकारार्थी मान हलवली. "मंग परवा येतो," एवढे बोलून ते पुन्हा गजरात मिसळले. देवीने त्या दोघांपैकी कोणाची भक्ती अधिक गोड मानली असेल हे सांगणे माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरचे आहे. मात्र या प्रसंगाचा साद्यंत वृत्तान्त केळीच्या मंडपातील कोणा सज्जनाकडून माझ्याआधी घरी पोहोचला होता.

त्यावरून यंदा घरातून जो हुकूम निघाला आहे तो असा: कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून वसुबारसेच्या आदल्या दिवसापर्यंत, उपरोक्त वार आणि चतुर्थी-एकादशी वगळून, सूर्योदय ते दुपारच्या जेवणापर्यंत गळ टाकण्याची मुभा आहे, मासा घरी आणल्यास तो आणणाराने मागील दारी स्वतः साफ करावा, आणि रबरी बेडूक कोणत्याही सबबीवर देवघराच्या उंबऱ्याआत येता कामा नये. नोकरीत असताना मी जमीनमहसुलाचे कित्येक पट्टे वाचले, पण इतक्या नेमक्या चतुःसीमांचा पट्टा वाचल्याचे स्मरत नाही. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार मंडळींकडे आहे त्यांना मी भेटून आलो, त्यांनी काठावरून गळ टाकण्यास आनंदाने अनुमती दिली आणि वर सुनावले, "काका, हस्त झाल्याबिगर येऊच नका." उजनीचा आकडा चढता आहे, उत्तरा बरसून गेली आहे, पद्मशाली स्नेह्यांनी गाठी मारून ठेवल्या आहेत आणि शेंगापेंड डब्यात भरलेली आहे. आता ही मुदत मरळीसही रीतसर कळविली गेली म्हणजे माझ्या बाजूने दप्तर पुरे झाले.