कार्ड-मशीनवरच्या अगत्यशील प्रश्नास

प्रति,
‘रुपयांत देणार की युरोत?’ हा प्रश्न,
मुक्काम : परदेशातलं कुठलंही बिल



आपलं अगत्य बघून आम्हा कोल्हापूरकरांनीही मान खाली घालावी. फ्लॉरेन्सला गेलेला कोल्हापूरकर आमच्या संस्थानच्या राजाराम महाराजांना मुजरा केल्याशिवाय परतत नाही. 1870 साली विलायतेहून परतताना महाराज ऐन विशीत तिथं वारले. आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं, आणि आज त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. तिथून जड मनानं जेवायला जावं, तर वेटर मशीनवर तुम्हाला पुढं करतो आणि पडद्यावर साक्षात रुपया! आमच्या टूरमधले काका गहिवरले. “बघा, आपल्या रुपयाला काय मान आहे!” म्हणत त्यांनी तिथंच बोट टेकवलं.

हा मान केवढ्याला पडतो ते बघू. सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धरू आणि तुमचा चढा दर सहा टक्क्यांचा. 40 युरोचं जेवण झालं 4,240 रुपयांचं. वरचा मलिदा दुकानदाराची बँक आणि दर लावणारी कंपनी खाते, दुकानदारालाही त्यातलं बोटभर मिळतं. काकांनी युरोचं बटण दाबलं असतं, तर आपल्या बँकेनं साडेतीन टक्के आणि त्या साडेतीन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी लावून साधारण 4,165 घेतले असते. तीही काही संत नव्हे. कहर असा, की रुपयांत दिले तरी दुकान परदेशातलं म्हणून काही भारतीय बँका वर आणखी एखादा टक्का कापतात. म्हणजे लग्नही आमचं आणि दोन्हीकडचा आहेरही आम्हीच करायचा.

त्याच बिलात ‘कोपेर्तो’ नावाची ओळ असते. टेबलाशी बसल्याबद्दल माणशी दोन-तीन युरो! तांबडा-पांढरा रस्सा मागेल तितका वाढणाऱ्या गावच्या माणसाला हे कसं समजावायचं? पण तिला दोष देत नाही. ती निदान मेनूकार्डावर छापलेली तरी असते.

कार्डच चाललं नाही, तर काका एटीएमकडे धावतात. (2020 पासून नवं कार्ड देशाबाहेर बंदच मिळतं, ते आपण चालू करायचं असतं. हे बहुतेकांना मागं रांग लागल्यावर कळतं. तोवर ओटीपी बिचारा घरी ठेवलेल्या सिमवर येऊन पडलेला असतो.) एटीएमवरही तुम्ही हजर! एक बटण ‘रूपांतर स्वीकारा’, दुसरं ‘रूपांतर नाकारा’. नाकारलं तर पैसेच येणार नाहीत, असं कुणालाही वाटेल. खरं तर पैसे तेवढेच येतात, फक्त हिशेब आपल्या बँकेच्या दरानं होतो. ही शब्दयोजना ज्यानं केली, त्याचा आमच्या भवानी मंडपात जाहीर सत्कार करायची आमची तयारी आहे. खर्च त्याच्याच दरानं, त्याच्याच खात्यातून.

निवडीचा हक्क ग्राहकाचा, असं कार्ड कंपन्यांचेच नियम सांगतात. तेव्हा मागणी एवढीच, की ‘नाकारा’ या बटणाखाली बारीक अक्षरात लिहा : ‘घाबरू नका काका, पैसे मिळतील.’ मराठीत लिहिलंत तर नाद खुळा!

आपला,
युरोचं बटण शोधणारा एक कोल्हापूरकर

ता. क. : परतल्यावर उरलेली नाणी इकडं सहसा कुणी बदलून देत नाही. ती तुम्ही घेणार असाल, तर दर तुमचाच लावा.