तात्या लाइव्ह

आपल्याकडे खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावावं, एवढीच मुभा. अमेरिकेत रश लिंबॉ नावाच्या गृहस्थानं १९८८पासून तीसेक वर्षं रेडिओवर रोज तासन्‌तास बोलून अर्धा देश खूश ठेवला आणि अर्धा चिडवला. शिरूर तालुक्यातली ही उणीव तात्यांनी भरून काढलीय. केंद्र न्हावऱ्याची चहाची टपरी. परवाना लागत नाही.

तात्या ऊस लावतात, दोन जर्सी गाई बाळगतात. रात्री नऊला जेवण आणि ‘डिबेट’ एकदमच. चॅनल ठरलेलं, नोएडाहून हिंदीत ओरडणारं. त्यामुळे हल्ली तात्यांचं चिडणंही हिंदीत होतं. घरात कुणी दुसरं चॅनल लावलं की ‘ती सगळी विकली गेलीत’ म्हणून रिमोट उशीखाली. सकाळी डेअरीत दूध घालून झालं की टपरीवर प्रक्षेपण सुरू.

परवा एकजण काकुळतीनं म्हणाला, ‘तात्या, गाईला लाळ्या झाल्यासारखं वाटतंय.’

‘मग सत्तर वर्षं काय केलं?’

घरीही तेच. काकू म्हणाल्या, ‘अहो, भाजीत मीठ जास्त झालं का?’ तर म्हणे, आधी कालच्या आमटीवर बोला.

लेक दौंडला दिलीय. व्याही रेल्वेतून रिटायर झालेले. जंक्शनच्या भोंग्यांत उभा जन्म गेल्यामुळे टीव्ही कायम फुल आवाजात. चॅनल नेमकं उलट्या बाजूचं. रात्री दहाला दोघांचे फोन स्पीकरवर. ‘पाव्हणं, मला बोलू द्या’ हे वाक्य दोन्हीकडून एकाच वेळी येतं. कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तर सोयरीक टिकलीय.

घोळ झाला तो २ जुलै २०२३ला, रविवारी. अजितदादांवरच्या सिंचन घोटाळ्याच्या आरोपातले ‘सत्तर हजार कोटी’ तात्यांना तोंडपाठ. पाचच दिवसांपूर्वी भोपाळला पंतप्रधानांनीच तो आकडा घेतला होता. आणि दुपारी टीव्हीवर तेच अजितदादा पंतप्रधानांच्याच पक्षाबरोबर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेताहेत! रात्री तात्यांनी चॅनलवर आकडा शोधला, सापडला नाही. कंबर धरल्याचं सांगून ते टपरीकडे फिरकेनात. तिकडे दौंडला व्याह्यांनाही काल ज्यांना ‘आमचे दादा’ म्हटलं त्यांना आज काय म्हणावं, हे ठरेना. ते आठ दिवस दोन्ही घरांत इतकी शांतता होती, की लेकीला वाटलं सासर-माहेरचं बिनसलं.

आता एवढ्या आरडाओरड्यानं मतं फिरतात का? पडद्याची ताकद आम्ही नाकारत नाही. २०१९ला शिरूरनं अमोल कोल्हेंना लोकसभेत पाठवलं, तेव्हा ते मालिकेत संभाजी महाराज साकारत होते, आणि महाराजांची समाधी याच तालुक्यात, वढू बुद्रुकला. समोर तीन वेळचे खासदार आढळराव. कुठल्या अँकरला हे जमलं असतं? पण गावपातळीवर चॅनलपेक्षा भावकी आणि गट भारी. त्याच वर्षी दौंडची विधानसभा ७४६ मतांनी लागली. कुल आणि थोरात या दोन गटांत एवढी मतं एका लग्नाच्या मांडवात इकडची तिकडं होतात. नोएडाला त्याचा पत्ता नसतो.

माझ्या मते चॅनलनं तात्यांचं मत जागेवरून हलवलं नाही, कान मात्र कामातून घालवले. न्हावऱ्याचाच घोडगंगा कारखाना बंद पडला. ऊस कुठं घालायचा, कामगारांच्या पगाराचं काय, यावर २०२४ची विधानसभा इथं तापली. टपरीवर कुणीतरी विचारलं, ‘तात्या, आज कारखान्यावर डिबेट नाही का?’ तात्या म्हणाले, ‘तो लोकल विषय आहे,’ आणि पाकिस्तानकडं वळले.

मतदानाच्या दिवशी मात्र ते सकाळीच जाऊन आले, आणि बटण दाबलं ते लोकल विषयावरच, असा काकूंचा संशय आहे. रात्री दहाला व्याह्यांचा फोन.

‘पाव्हणं, खरं सांगा, कुणाला दिलं?’

‘ते नंतर. आधी तुम्ही २००४ला कुणाला दिलं होतं ते सांगा!’