झेड ड्राइव्हची कैफियत

कारभाराची भाषा रयतेला सहजासहजी कळू नये अशी तजवीज करून ठेवण्याची परंपरा आपल्या मुलखात फार जुनी असून तिचे दाखले कोणत्याही कचेरीच्या दप्तरात हवे तितके सापडतील; परंतु या परंपरेत समुद्रापलीकडच्या कारागिरांनी जी मोलाची भर घातली तिची यथोचित दखल अद्याप कोणी घेतलेली नाही, आणि ती घ्यावी या हेतूने प्रस्तुत लेखकाने कडेगावासारख्या तालुक्याच्या गावी बसून संगणकाच्या पडद्यावरील एका आज्ञेचा यथाशक्ती अभ्यास केला आहे. ती आज्ञा म्हणजे ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’.

वास्तविक हे काम अगदी किरकोळ. एका कचेरीत दोन खोल्या, दोन खोल्यांत दोन संगणक, आणि पलीकडच्या संगणकावर ठेवलेले एखादे फोल्डर अलीकडच्या कारकुनाला खुर्चीवरून न उठता उघडता यावे, एवढाच त्याचा आशय. पण या कामाला त्याच्या सरळ नावाने हाक मारली असती, तर ते कोणालाही करता आले असते, आणि मग जाणकारांच्या दाराशी कोण गेले असते? म्हणून जोडण्याच्या क्रियेला ‘जोडा’ सोडून अन्य नाव देण्यात आले; आणि तेवढ्यानेही एखादा चिकाटीचा मनुष्य वाट काढील या भयाने की काय, विंडोज ११ मध्ये ही आज्ञा ‘धिस पीसी’च्या माथ्यावर तीन टिंबांच्या पडद्याआड नेऊन बसवण्यात आली. टिंबांवर टिचकी मारावी तेव्हा ती बाहेर येते. ती तिथे आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला ती तत्काळ सापडते, हा या व्यवस्थेचा विशेष होय.

आज्ञा सापडली की ड्राइव्हला एक अक्षर बहाल करावे लागते. ही अक्षरांची वाटणी म्हणजे वतनदारीचा उत्कृष्ट नमुना आहे. ए आणि बी ही दोन अक्षरे फ्लॉपी नावाच्या, केव्हाच कालवश झालेल्या चकतीच्या नावे चालत आली. सी हे अक्षर मूळ डिस्कच्या कुळात. आणि पाहुण्या ड्राइव्हला मात्र उलट्या टोकाकडून, म्हणजे झेडपासून, जागा देऊ केली जाते. कुलकर्ण्यांची वतने १९५० च्या कायद्याने खालसा झाली. ए आणि बी यांची अद्याप झालेली नाहीत.

आता अशी कल्पना करावी की सोमवारची सकाळ आहे. टेंभू योजनेचे पाणी शिवारात आल्यापासून जमिनीला मोल आले, जमिनीला मोल आल्यापासून भावकीत वाटपाची भाषा निघाली, आणि त्यापायी एका वाडीचे आबा जुन्या फेरफाराची नक्कल मागायला आले आहेत. तो फेरफार स्कॅन होऊन संगणकात गेला आहे, तो संगणक भिंतीपलीकडे सहा पावलांवर आहे, आणि कचेरीतले कारकून भाऊसाहेब पडद्याकडे पाहून म्हणतात, “आबा, झेड दिसंना.”

“दिसंना म्हंजे? गेला कुठं?”

“काल हुता की. आज तांबडी फुली आलीया त्येच्यावर.”

“फुली?” आबांचा आवाज खाली जातो. “म्हंजे माझं नाव कमी झालं का काय?”

ज्याची सारी हयात सातबाऱ्यावरची नावे लागताना आणि कमी होताना पाहण्यात गेली, त्याने तांबड्या फुलीचा दुसरा अर्थ कोणता करावा? खुद्द संगणक जो खुलासा करतो तो असा, की सर्व नेटवर्क ड्राइव्ह पुन्हा जोडता आले नाहीत. ड्राइव्ह एकच असतानाही ‘सर्व’! कोणता जोडला गेला नाही, का जोडला गेला नाही, पलीकडचा संगणक बंद आहे, तार निघाली आहे की परवलीचा शब्द बदलला आहे, याविषयी एक अक्षर नाही; ‘वरिष्ठांच्या अवलोकनार्थ सविनय सादर’ असा शेरा मारून फाइल पुढे सरकवणाऱ्या मुरब्बी शिरस्तेदारालाही या मौनाचा हेवा वाटावा. आणि कौतुक असे की त्या तांबड्या फुलीवरच दोनदा टिचकी मारली, तर तो ड्राइव्ह पुष्कळदा काहीच न घडल्याप्रमाणे उघडतो. हे संगणक सांगत नाही. ते संगणक दुरुस्त करणारा पोरगा सांगतो, आणि त्याबद्दल विझिट-फी घेतो.

कधी फुलीऐवजी नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट पुढे येते. कोणाचे नाव? या संगणकाचे, त्या संगणकाचे, की भाऊसाहेबांचे स्वतःचे? चौकट त्याबाबत तटस्थ असते. मग भाऊसाहेब प्रथम आपला, नंतर रावसाहेबांचा, शेवटी पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर डकवलेला असे सर्व शब्द रुजू करून पाहतात. आणि ते सर्व नामंजूर झाल्यावर पेनड्राइव्ह खिशात घालून स्वतःच सहा पावले चालत जातात. जगभरच्या कचेऱ्यांत हीच जोडणी आजही सर्वांत भरवशाची आहे.

इतर घराण्यांत तरी व्यवस्था बरी असेल असे मानणाऱ्यांनी तिकडेही चक्कर मारावी. ॲपलच्या फाइंडरमध्ये ‘गो’ या सदराखाली आणि लिनक्सच्या नॉटिलसमध्ये आणखी कुठेतरी ‘कनेक्ट टू सर्व्हर’ अशी आज्ञा पुष्कळ वर्षे नांदत आली आहे. ‘कनेक्ट’ हे ठीक. पण आमच्या तालुक्यात ‘सर्व्हर’ म्हणजे जो डाऊन असतो तो, एवढे ज्ञान सेतू कार्यालयाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला झालेले असल्यामुळे, त्याच्याशी आपण होऊन जोडून घ्या हे निमंत्रण कोण स्वीकारणार? शिवाय विंडोजला पत्ता द्यायचा तर डावीकडे कललेल्या दोन रेघांनी आरंभ करावा, आणि या दोघांना द्यायचा तर आधी ‘एसएमबी’ लिहून, विसर्गासारखी दोन टिंबे देऊन, मग उजवीकडे कललेल्या दोन रेघा ओढाव्यात. कागद तोच, कपाट तेच. फक्त उंबरठा कोणत्या पायाने ओलांडावा याविषयी घराण्याघराण्यांत मतभेद. (याच ॲपलच्या जुन्या संगणकावर फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी तिचे चित्र कचऱ्याच्या टोपलीत ओढून टाकावे लागे, हे ऐकून आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी बराच वेळ हसले आणि नंतर गंभीर झाले.)

जोडण्याला सरळ नाव कसे द्यावे हे मात्र आमच्याकडे येऊन पाहावे. आमच्या कडेगावात मोहरमला गगनचुंबी ताबूत उचलले जातात, हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांना खांदा देतात, आणि ते चौकात एकमेकांसमोर येतात त्या सोहळ्याला ‘भेटी’ म्हणतात. लांबून आलेल्या माणसालाही तो शब्द ऐकताच काय पाहायला मिळणार हे उमगते.

कोणी म्हणेल, सारे मराठीत करा म्हणजे झाले. या सूचनेचा हेतू चांगला आहे. आणि ज्यांच्या कारकिर्दीत १९६० साली भाषा संचालनालय निघाले ते यशवंतराव चव्हाण आमच्याच तालुक्यातील देवराष्ट्र्याचे असल्यामुळे तिला विरोध करणे आम्हांस शोभणारही नाही. परंतु त्या संचालनालयाचा पदनाम कोश बाहेर पडताच आचार्य अत्र्यांनी त्याचे ‘बदनाम कोश’ असे बारसे केले, ही आठवणही विसरता येत नाही. मुळात जी आज्ञा आपण काय करणार ते सांगतच नाही, तिला मराठी पागोटे बांधले तरी ती मुकीच राहणार. आधी तिने बोलावे. मग कोणत्या भाषेत ते पाहता येईल.

येथवर थट्टा चालली. पण एक बाब थट्टेची नाही. ‘डिस्कनेक्ट’ ही आज्ञा सर्वस्वी निरुपद्रवी आहे. तिने फक्त जोडणी तुटते, पलीकडचा कागद जागच्या जागी शाबूत राहतो. आणि तरीही कागद जातील या धास्तीने कारकून मंडळी तिला हात लावीत नाहीत. उलट ‘डिलीट’ रोजच्या ओळखीची, म्हणून बिनधास्त वापरली जाते. आणि नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तर ती आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, कायमची जाते. त्या वेळी एक चौकट तसे विचारते खरी, पण दिवसभरात अशा पन्नास चौकटींना ‘येस’ म्हणून सरावलेले बोट एकावन्नाव्या चौकटीपाशी थांबत नाही. तेव्हा एका आज्ञेखाली ‘पलीकडील कागद शाबूत राहतील’ आणि दुसरीखाली ‘पलीकडील कागद नष्ट होईल’ एवढी अक्षरे छापायला या कंपन्यांना कोणत्या खजिन्याची मंजुरी हवी आहे, ते कळत नाही.

आज्ञेने सरळ बोलणे अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. १९९३ सालच्या विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ मधील फाइल मॅनेजर उघडला, तर ‘डिस्क’ या सदराखाली ‘कनेक्ट नेटवर्क ड्राइव्ह’ आणि ‘डिस्कनेक्ट नेटवर्क ड्राइव्ह’ अशा दोन आज्ञा सापडतात. जोडायचे तर जोडा, तोडायचे तर तोडा. १९९५ साली नवे विंडोज आले, सुधारणा झाली, आणि जोडण्याची आज्ञा ‘मॅप’ बनली. तोडण्याची मात्र आजतागायत ‘डिस्कनेक्ट’च आहे. त्या जुन्या फाइल मॅनेजरच्या विंडोज एनटी आवृत्तीची मूळ संहिता मायक्रोसॉफ्टने २०१८ साली सर्वांसाठी खुली केली असून ‘कनेक्ट’ हा शब्द तिच्यात जसाच्या तसा आहे. ज्या घराण्याला हवा असेल त्याने नक्कल करून घ्यावी. नक्कल-फी माफ आहे.