वरणभात खाणाऱ्याचं रक्त नको म्हणे!

अहो, ऐकलंत का? तीन नंबरच्या वहिनींचा धाकटा लंडनला शिकायला चाललाय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण परवा जेवताना काय बोलला! "आजी, तिकडे बीफ खाऊन बघणार मी." वहिनींच्या सासूबाईंचा डाव वरणातच राहिला हो. मला वाटलं, आता सोवळंओवळं निघणार. पण छे! थेट म्हणाल्या, "अरे, त्या गाई वेड्या होत्या ना?"

मॅड काऊ रोगच तो, दुसरं काय! गवत खाणाऱ्या जिवाला मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचा भुगा चारायचा म्हणजे... जाऊ दे. आणि तो ब्रिटनचा मंत्री गमर! 1990 ला टीव्हीवाल्यांसमोर स्वतःच्या चिमुरडीपुढे बर्गर धरून उभा. का, तर सगळं सेफ आहे! पुढे 1996 च्या मार्चात त्यांच्याच सरकारला पार्लमेंटात सांगावं लागलं, की माणसांना होतोय तो मेंदूचा रोग बहुधा त्या गाईंमधूनच आलाय. शिवाय कितीही शिजवा, तो जात नाही. युरोपनं लगेच त्यांचं बीफ बंद केलं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली हो तिथं, त्यात तरणी पोरं किती...

तर काय सांगत होते? हां, वहिनींचे दीर! ते न्यू जर्सीवाले. आलेत सध्या. ते पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "खाणाऱ्यांचं सोडा, मी न खाता अडकलो होतो." अमेरिकेला जायच्या आधी चार वर्षं लंडनला होते ना ते, 1990 नंतर. तर पुढे न्यू जर्सीत मंडळाचं रक्तदान शिबिर, भरवलेलं ह्यांनीच, म्हणून पहिला नंबर ह्यांचा. फॉर्मवर प्रश्न, 1980 ते 1996 मध्ये ब्रिटनला एकूण तीन महिने राहिलात का? ह्यांनी ऐटीत "हो" लिहिलं. झालं! नर्स म्हणाली, "सॉरी, त्या रोगाच्या भीतीनं तुमचं रक्त नको." हे म्हणतात, "अहो, मी अंड्याचा केकसुद्धा खात नाही!" ती म्हणाली, काय खाता ते आम्ही विचारतच नाही. आणि शेजारच्या कॉटवर कोण? त्यांचा साडू! दर शनिवारी बीफ बर्गर चापणारा. त्याची बाटली भरली, वर बिस्कीट-ज्यूस मिळालं. वहिनींच्या धाकट्या जाऊबाई हे सांगताना हसत होत्या, पण भावजींचं तोंड अजून एवढंसं!

आता नाही हो तसं. गुरांचा मेंदू नि मणक्यातला मज्जारज्जू खाण्यात येऊच देत नाहीत, आणि अमेरिकेनं तो रक्ताचा नियमही 2022 मध्ये उठवला. सासूबाईंना एवढं समजावलं, तरी पोराकडून शपथ घेतलीच त्यांनी. तो "हो" म्हणाला खरा, पण माझ्याकडे बघून डोळा मिचकावला मेल्यानं!

बरं, तुमच्या बोस्टनच्या नणंदबाई तेव्हा लंडनलाच होत्या ना? कळवा हो त्यांना. आता घेतात रक्त.