सासुरवाडीत सर्व्हर सापडेना

डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला नवा छंद जडला आहे. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढायचा, त्यात जेलीफिन हा मीडिया सर्व्हर बसवायचा, लग्नाच्या कॅसेटींपासून मुलांच्या गॅदरिंगपर्यंत सगळं भरायचं आणि रविवारी ठाण्यात सासुरवाडीच्या सोफ्यावर बसून व्हीपीएनने ते लावायचं. जेलीफिनच्याच जातीच्या प्लेक्सने २९ एप्रिल २०२५पासून घराबाहेरून बघण्याचे पैसे लावले, तेव्हापासून तर या छंदाने बाळसं धरलं. पैसे वाचत असतील तर आपण नेटवर्किंगसुद्धा शिकतो.

पडद्यावर गोल फिरू लागला की मंडळी सर्व्हरला शिव्या घालतात, रॅम वाढवतात, जावयाच्या अकलेवर घसरतात. राउटरचं पान उघडून बाहेरचा पत्ता मात्र कुणी बघत नाही. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगची सगळी मेहनत पाण्यात. आयपीव्ही४चा आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११मध्येच तळाला गेला आणि पुढच्या वर्षी हा पट्टा इंटरनेट पुरवठादारांसाठी राखून ठेवला गेला. सार्वजनिक पत्ता एक, त्यामागे घरं ढीगभर. बाहेरून तुमच्या घराला हाक मारायची सोयच नाही. कागदावर पत्ता आहे, बाहेर त्याला कुणी विचारत नाही, हे डोंबिवलीकरांना नव्याने सांगायला नको. इथे ६५ इमारतींना महारेराचे क्रमांक मिळाले, पालिकेच्या परवानग्या बनावट निघाल्या आणि २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. राउटर निदान खरं काय ते पहिल्या दिवसापासून दाखवत असतो.

यावर टेलस्केलसारखा उपाय आहे: दोन्ही टोकं आतून बाहेर पडतात आणि मध्ये एकमेकांना गाठतात. थेट गाठ पडली नाही तर सगळा सिनेमा रिले सर्व्हरवरून फिरून येतो. स्टेटसमध्ये ‘रिले’ दिसत असेल, तर नव्या रॅमचा त्यात काही दोष नाही.

खरी गंमत घराच्या आत आहे. डोंबिवलीचा राउटर १९२.१६८.१.१ आणि ठाण्याच्या सासऱ्यांचा राउटरही १९२.१६८.१.१, कारण डबा बसवून जाणारा ते कधीच बदलत नाही. व्हीपीएन जोडलेला असतो, हिरवा दिवा लागलेला असतो, जावई १९२.१६८.१.५ टाकतो आणि फोन इमानेइतबारे सासऱ्यांच्या प्रिंटरचं दार ठोठावतो. घरचा पट्टा १९२.१६८.५७ असा काहीतरी आडवळणाचा करा. पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही सिनेमाचं नाव दिसतं आणि प्ले दाबलं की सगळं ठप्प होतं? मग रेल्वेचा पारसिकचा बोगदा आठवा. तो १९१६चा, उंची ठरलेली. वाघिणीवर वीतभर जास्त माल चढवला तर गाडी आत जाणार नाही. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटांचं आणि वायरगार्डसारखा व्हीपीएन त्यावर ६० ते ८० बाइटांचं वेष्टन चढवतो, म्हणून आतल्या मालाला १४२०ची मर्यादा. कनेक्शन पीपीपीओईवर असेल तर आणखी ८ बाइट जातात. छोटी पाकिटं निघून जातात, मोठी वाटेत मुकाट गळतात. ही मर्यादा, म्हणजे एमटीयू, १२८० करून बघा, मग सर्व्हरला शिव्या घाला.

स्वतःचा सार्वजनिक पत्ता हवा असेल तर आयपीव्ही६ आहेच. खिशातल्या जिओच्या सिमला तो कधीचा मिळतो. फक्त केबलवाल्याला विचारून बघा, ‘‘दादा, आयपीव्ही सिक्स आहे का?’’

‘‘सिक्स अजून आलं नाही काका. पण तुमचा राउटर फाइव्ह-जी आहे.’’