निशात बाग पाहण्याची रीत (नवख्यांसाठी)

श्रीनगरला गेल्यावर निशात बाग पाहावीच लागते, कारण ती सहलीच्या कार्यक्रमात छापलेली असते. टूर मॅनेजर दारातच ‘पाऊण तास!’ असं बजावतो. घाबरू नये. त्यातला अर्धा वेळ फोटोंतच जातो.

म्हणून आधी काश्मिरी पोशाख. भरतकामाचा फेरन, कपाळावर चांदीसारखे दागिने, हातात प्लॅस्टिकच्या फुलांची टोपली. हे सगळं जीन्स आणि स्पोर्ट्स शूजवरच चढवायचं असतं. काकांनी ‘छे, मला नको’ म्हणावं आणि मग सर्वांत जास्त फोटो काढून घ्यावेत. सांगितलेला भाव पोशाखाचा की एकेका प्रतीचा, हे मात्र आधीच विचारावं.

मग चढण. बाग झबरवान डोंगराच्या उतारावर आहे आणि तिचे बारा टप्पे बारा राशींचे मानतात. आपापल्या राशीवर थांबायचा बेत करू नये. मीनवाल्यांची दमछाक होते. मधोमध पाट आणि कारंजी. पंप नसलेल्या काळात ही कारंजी उताराच्या पाण्याच्या जोरावरच उडत, हे मुलांना सांगावं. ऐकत नाहीत, तरी सांगावं.

इथे गाईड गोष्ट सांगतो. १६३३च्या सुमारास ही बाग असफ खानानं केली. तो नूरजहानचा भाऊ आणि शहाजहानचा सासरा. आख्यायिका अशी, की जावयानं बागेची तीनदा तारीफ केली. ‘आपलीच समजा’ असं सासऱ्यानं म्हणावं, ही अपेक्षा. सासरा ढिम्म. बादशहानं बागेचं पाणीच तोडलं! पुढे एका सेवकानं धन्याचं दुःख न बघवून ते परत सोडलं, आणि बादशहानंही ते चालवून घेतलं. अधिक महिन्यात जावयाला वाण देणाऱ्यांना यात काहीच नवल वाटत नाही. आपल्याकडे तेहतीस अनारशांत भागलं असतं.

वर पोचल्यावर मागे वळून पाहावं. ही सूचना वेगळी लिहावी लागते, कारण बहुतेक जण तेव्हा मोबाइलमध्ये आपलेच फोटो पाहत असतात. खाली सगळं दल सरोवर पसरलेलं असतं. बाग खरं तर तिकडूनच, नावेतून येऊन पाहायची. आता पायथ्याशी रस्ता आहे आणि रस्त्यावर आपली बस. चिनार लाल पाहायचे तर ऑक्टोबरअखेर यावं. आपण मे महिन्यात येतो, म्हणून ते हिरवे असतात. याबद्दल टूर मॅनेजरकडे तक्रार करू नये.

त्याच चिनारांखाली स्थानिक कुटुंबं चादर अंथरून, समोवार मांडून निवांत बसलेली दिसतील. त्यांना कुणी पाऊण तास दिलेला नसतो. त्यांनी चहा देऊ केला तर जरूर घ्यावा. तो गुलाबी आणि खारट असतो. चुकून मीठ पडलंय, असं त्यांना सांगू नये.